तीन अलार्म, एकच गेज: बन्सफील्डची टाकी ९१२

लंडनच्या उत्तरेला, हर्टफर्डशायर परगण्यातल्या हेमेल हेम्पस्टेड गावाला लागून बन्सफील्डचा तेलसाठा आहे. १० डिसेंबर २००५ च्या संध्याकाळी सातच्या सुमारास तिथल्या टाकी क्रमांक ९१२ मध्ये बिनशिशाचं पेट्रोल यायला लागलं. टेम्स नदीकाठच्या कोरिटनकडून येणाऱ्या पाइपलाइनचा वेग होता ताशी सुमारे ५५० घनमीटर आणि टाकीची क्षमता ६० लाख लिटर. मध्यरात्रीच्या सुमारास टँकरची ये-जा थांबवून साठ्याची तपासणी झाली. ती दीडपर्यंत चालली आणि तीत वावगं काही आढळलं नाही.

पहाटे ३ वाजून ५ मिनिटांनी टाकीच्या लेव्हल गेजचा, म्हणजे पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या उपकरणाचा, आकडा एका जागी थांबला. तेव्हा टाकी साधारण दोन तृतीयांश भरली होती. पेट्रोल येतच होतं, पण कंट्रोल रूमच्या पडद्यावरची रेघ आडवी झाली. ५ वाजून ३७ मिनिटांनी टाकी काठोकाठ भरली आणि छतावरच्या झरोक्यांतून पेट्रोल बाहेर पडू लागलं. खाली पडताना त्याचे तुषार झाले. हिवाळी पेट्रोलमध्ये ब्युटेन जास्त असतो, त्यामुळे त्याची वाफ लगेच झाली. वारा जवळजवळ नव्हताच. जमिनीलगत पांढऱ्या धुक्यासारखा थर पसरत गेला आणि ६ वाजून १ मिनिटाला स्फोट झाला. वीसहून अधिक टाक्यांनी पेट घेतला, ४३ माणसं जखमी झाली, दोन हजारांच्या आसपास लोकांना घरं सोडावी लागली. रविवारची पहाट असल्यामुळे शेजारच्या औद्योगिक वसाहतीत माणसं नव्हती, म्हणून कोणी दगावलं नाही.

किती पेट्रोल सांडलं याचा हिशेब आपणही करू शकतो. ५.३७ पासून ५.५० पर्यंत १३ मिनिटं, ताशी ५५० घनमीटरनं साधारण ११९ घनमीटर. ५.५० च्या सुमारास या टाकीकडे येणारा प्रवाह ताशी ८९० घनमीटरवर गेला होता, म्हणजे पुढच्या ११ मिनिटांत १६३. एकूण २८२ घनमीटर. स्फोटानंतरच्या अधिकृत चौकशीत ‘अडीच लाख लिटरहून अधिक’ असा आकडा आहे, त्याच्याशी हे जुळतं. त्या ८९० च्या आकड्याकडे पुन्हा यायचं आहे.

अलार्म होते, वाजले नाहीत

या टाकीला लेव्हलच्या बाबतीत चार पातळ्यांचं संरक्षण होतं. पहिले तीन अलार्म ऑटोमॅटिक टँक गेजच्या प्रणालीत होते. सर्वांत खालचा ‘युजर लेव्हल’, तो सुपरवायझरनं आपल्या सोयीनं लावायचा. त्याच्यावर ‘हाय’ आणि त्याच्यावर ‘हाय-हाय’. चौथं संरक्षण वेगळं होतं: गेजशी काही संबंध नसलेला एक स्वतंत्र हाय-लेव्हल स्विच. तो चालला की अलार्म वाजायचा आणि टाकीकडे येणारा प्रवाह आपोआप बंद व्हायचा.

कागदावर ही मांडणी चांगलीच दिसते. तीन वेगवेगळे सेटपॉइंट, म्हणजे अलार्म वाजायच्या ठरवून दिलेल्या पातळ्या, एकावर एक, शिवाय वर एक स्वतंत्र स्विच. पण खालचे तिन्ही अलार्म एकाच वाचनावर अवलंबून होते. गेज दोन तृतीयांशावर थांबलं, तो आकडा तिन्ही सेटपॉइंटच्या खाली होता आणि खालीच राहिला. संगणकाच्या दृष्टीनं टाकी अजून भरलेलीच नव्हती. बंद पडलेल्या एकाच घड्याळात तिघांनी वेळ बघितली तर तिघांचं एकमत होणारच.

म्हणून सेटपॉइंटची चर्चा सुरू करताना आधी गेजकडे बघावं लागतं. ९१२ वर सर्वो प्रकारचं गेज होतं. यात बारीक तारेला डिस्प्लेसर नावाचं वजन टांगलेलं असतं, तार ड्रमवर गुंडाळलेली असते, आणि वजन द्रवाला टेकलं की तारेवरचा ताण बदलतो. ती नोंद धरून मोटर ड्रम फिरवत वजन पृष्ठभागाबरोबर वरखाली ठेवते. किती तार सुटली त्यावरून लेव्हल कळते. नीट चालत असेल तर हे गेज फार अचूक असतं, मिलिमीटरच्या हिशेबात बोलतं. पण त्यात हलणारे भाग आहेत आणि हलणारा भाग अडकू शकतो.

९१२ चं गेज अडकत होतं, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. ३१ ऑगस्ट ते ११ डिसेंबर २००५ या काळात ते १४ वेळा अडकल्याचं चौकशीत निघालं. कधी सुपरवायझर स्वतःच वजन पूर्ण वर ओढून घ्यायचे आणि परत खाली सोडायचे, मग गेज चालू लागायचं. कधी देखभालीच्या कंत्राटदाराला बोलावलं जायचं. कधी नोंद व्हायची, कधी व्हायची नाही. गेज का अडकतंय हे शोधून काढलं गेलं नाही.

ही गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही प्लँटमध्ये घडू शकते, किंबहुना घडते. उपकरण अडकलं, हलवलं, चाललं, की काम झालं असं वाटतं. दुरुस्ती आणि हलवून चालू करणं यांत फरक आहे, पण शिफ्टच्या धावपळीत तो पुसला जातो. अलार्मच्या सेटपॉइंटचा विचार करणाऱ्यानं एवढं तरी विचारावं: हे गेज गेल्या तीन महिन्यांत किती वेळा अडकलं? उत्तर ‘माहीत नाही’ असेल तर मिलिमीटरवर खल करण्यात फारसा अर्थ नाही.

कुलपाचा स्विच

चौथा, स्वतंत्र स्विच का चालला नाही, याची कथा जास्त चीड आणणारी आहे. हा स्विच २००४ मध्ये बसवला होता. द्रवाची पातळी किंवा त्यावरचं तरंगतं छत (पेट्रोलच्या पृष्ठभागावर तरंगणारं आतलं झाकण) वर येऊन वजन उचललं गेलं की तो कार्यान्वित व्हायचा. टाकी खरोखर न भरता चाचणी घेता यावी म्हणून त्याला एक दांडी दिली होती. ही दांडी नेहमीच्या वापरात मधल्या स्थितीत राहायला हवी आणि तिला तिथे धरून ठेवण्यासाठी एक कुलूप होतं. कुलूप नसेल तर दांडी खाली येऊन बसायची आणि त्या स्थितीत हाय-लेव्हलचा स्विच निकामी व्हायचा.

कुलूप लावलेलंच नव्हतं. ते कोणी छेडछाड करू नये म्हणून असावं, असं बसवणाऱ्यांना आणि वापरणाऱ्यांना वाटलं. स्विचच्या कामासाठीच ते लागतं, हे उत्पादकानं पुरेसं स्पष्ट सांगितलं नव्हतं. म्हणजे अत्यंत महत्त्वाच्या सुरक्षा-स्विचचं भवितव्य एका साध्या कुलपावर, आणि ते कुलूप कशासाठी आहे हे कोणालाच नीट माहीत नाही.

पडद्यामागची टाकी

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कंट्रोल रूममध्ये गेजिंग प्रणालीचा एकच पडदा होता आणि एका वेळी एकाच टाकीची पूर्ण माहिती दिसायची. बाकीच्या टाक्यांच्या खिडक्या तिच्या मागे. त्या रात्री ९१२ ची खिडकी इतर खिडक्यांच्या मागे होती. आडवी झालेली रेघ समोर असती तर कोणाच्या तरी लक्षात येण्याची शक्यता होती.

पण ती समोर ठेवण्याची गरजच सुपरवायझरांना वाटत नव्हती, कारण सवय ‘अलार्म वाजेल तेव्हा बघू’ अशी झाली होती. अलार्म म्हणजे काहीतरी बिघडल्याची खूण, हे मूळ सूत्र मागे पडलं होतं. टाकी कुठवर भरायची याची खूण म्हणूनच तो वापरला जात होता. त्यातून कुठल्या पाइपलाइननं कुठली टाकी भरतेय याबाबत शिफ्ट बदलताना गोंधळ झाला होता. शिवाय या पाइपलाइनचा वेग स्थानिक सुपरवायझरांच्या हातात नव्हता. वेग वाढला तर तो वाढल्याचं कळवण्याची पक्की पद्धत नव्हती. ५.५० ला प्रवाह ८९० वर गेला तेव्हा टाकी आधीच वाहत होती, म्हणून त्या रात्री त्यानं निकाल बदलला नाही. पण सेटपॉइंट ठरवणाऱ्याला या आकड्यानं झोप येऊ नये.

मिलिमीटर नव्हे, मिनिटं

आता याच प्रकारच्या टाकीचे सेटपॉइंट आपण नव्यानं ठरवायला बसलो तर कसे ठरवू? उदाहरणासाठी टाकी घेऊ: व्यास २५ मीटर, भिंतीची उंची १५ मीटर. हे आकडे ९१२ चे नाहीत, हिशेबासाठी घेतलेत. काटछेदाचं क्षेत्रफळ साधारण ४९१ चौरस मीटर. ताशी ५५० घनमीटर वेगानं लेव्हल तासाला १.१२ मीटर, म्हणजे मिनिटाला १८.७ मिलिमीटर चढेल. ८९० च्या वेगानं मिनिटाला ३०.२ मिलिमीटर.

बरेच लोक इथे थेट टक्केवारी टाकतात. हाय ९० टक्के, हाय-हाय ९५ टक्के, गेजच्या मेन्यूत आयतेच आलेले आकडे. ९५ टक्के कशाचे, हा प्रश्न कोणी विचारत नाही. भिंतीच्या उंचीचे असतील तर १४,२५० मिलिमीटर. टाकीच्या कॅलिब्रेशन तक्त्याप्रमाणे (कुठल्या उंचीला किती लिटर हे सांगणारा तक्ता) साठ्याचे असतील तर आकडा वेगळा निघेल, कारण तळाचा उतार आणि तरंगत्या छताचं विस्थापन तक्त्यात धरलेलं असतं. दोन माणसं ‘९५’ म्हणतात आणि दोघांच्या मनात वेगळी उंची असते. सेटपॉइंट मिलिमीटरमध्येच लिहावा, आणि तो डिप प्लेटपासून, म्हणजे तळाच्या मोजणीच्या पट्टीपासून, मोजलेला आहे की टाकीच्या डोक्यावरून मोजलेली रिकामी उंची आहे, तेही शेजारी लिहावं. रडार गेज मुळात वरूनच अंतर मोजतं. लेव्हल काढायला टाकीच्या संदर्भ उंचीतून ते अंतर वजा करावं लागतं. ती संदर्भ उंची गेजमध्ये भरताना १०० मिलिमीटरची चूक झाली तर सगळेच अलार्म १०० मिलिमीटरनं सरकतात आणि पडद्यावर काहीच विचित्र दिसत नाही. गेज सुरू करताना हातानं डिप टेप (वजन लावलेली मोजपट्टी) सोडून घेतलेलं माप आणि पडद्यावरचा आकडा जुळवून बघण्याला पर्याय नाही.

हिशेब वरून खाली करायचा. सर्वांत वर ती पातळी, जिथे पेट्रोल बाहेर पडायला लागतं किंवा तरंगतं छत वरच्या बांधणीला धडकतं. भिंत १५ मीटर असली तरी ही पातळी खालीच असते. आपल्या टाकीत १४,५०० धरू. आता यापासून खाली किती मिनिटं हवीत?

हाय-हाय हा यंत्राचा अलार्म आहे. ९१२ वर तो गेजवर होता, इथे तो स्वतंत्र स्विचचाच धरू. स्विचला लेव्हल लागली, रिलेनं आज्ञा दिली, मोटरवरचा व्हॉल्व्ह फिरला, पाइपलाइनच्या दुसऱ्या टोकाला पंप थांबला, मधल्या लांबीतला प्रवाह शमला. मोठा व्हॉल्व्ह झटक्यात बंद करता येत नाही, तसं केलं तर पाइपलाइनमध्ये दाबाची लाट उसळते. या सगळ्याला दहा मिनिटं लागतात असं प्रत्यक्ष मोजून निघालं, तर ८९० च्या वेगानं त्या दहा मिनिटांत लेव्हल ३०० मिलिमीटर चढेल. त्यावर उपकरणाची चूक आणि पृष्ठभागाची हालचाल यांसाठी १०० ठेवले. हाय-हाय १४,१०० वर आला. मघाचे ‘९५ टक्के’, म्हणजे १४,२५०, याच्या दीडशे मिलिमीटर वर गेले असते. तिथून ओसंडायला २५० मिलिमीटर, म्हणजे आठ मिनिटं आणि थोडे सेकंद. व्हॉल्व्हला दहा हवीत.

हाय हा माणसाचा अलार्म आहे, म्हणून इथे माणसाची गती धरायची. ऐकला, कुठल्या टाकीचा ते बघितलं, खरा आहे का याची खात्री केली, पाइपलाइनच्या नियंत्रकाला फोन लावला, त्यानं उचलला, आज्ञा दिली. पहाटे साडेपाचला, बारा तासांच्या शिफ्टच्या शेवटी. वीस मिनिटं धरली तर ८९० च्या वेगानं ६०४ मिलिमीटर. थोडी पुस्ती लावून ६५०. हाय १३,४५० वर.

नेहमी भरायची पातळी त्याच्याही खाली, इतकी की रोजच्या कामात हाय वाजायलाच नको. २५० खाली धरून १३,२००. इथे हवामानही येतं. पेट्रोल दर अंशाला साधारण हजारात एक भागानं फुगतं. रात्री थंड माल भरला आणि दोन-तीन दिवसांत साठा पाच अंशांनी तापला, तर १३.२ मीटरच्या थरात ६० ते ७० मिलिमीटर वाढ होते, एक थेंब आत न येता. विदर्भातल्या उन्हाळ्यात ही वाढ गृहीत धरावीच लागते.

हेच सगळं ५५० च्या वेगावर बसवलं असतं तर अंतरं बरीच कमी निघाली असती आणि ती ‘पुरेशी’ वाटली असती. मग एखाद्या पहाटे वेग ८९० झाला की वीस मिनिटांची बारा-साडेबारा मिनिटं होतात. सेटपॉइंट नेहमीच्या वेगावर लावायचा नसतो. त्या लाइनमधून येऊ शकणारा जास्तीत जास्त वेग धरायचा. आणि नवा पंप बसला, लाइनचं काम झालं, की तो आकडा बदलतो. तेव्हा सेटपॉइंटचा कागद पुन्हा उघडायला हवा. बहुतेक ठिकाणी तो उघडला जात नाही.

या हिशेबाला विरोध होणार हे धरून चालावं. १४,५०० पासून १३,२०० पर्यंत १,३०० मिलिमीटर सोडले, म्हणजे ६३८ घनमीटर. २० हजार लिटरचे जवळजवळ बत्तीस टँकर. विक्री विभाग म्हणणार, एवढी जागा रिकामी का ठेवता? प्रश्न योग्य आहे आणि त्याचं उत्तर अंतर कमी करणं हे नाही. व्हॉल्व्ह लवकर बंद होण्याची सोय करा, नियंत्रकाशी थेट लाइन द्या, शेवटच्या टप्प्यात प्रवाहाचा वेग कमी करा. मिनिटं कमी झाली की मिलिमीटर आपोआप परत मिळतात.

अडकलेल्या गेजचा अलार्म

वरचा सगळा हिशेब अचूक करूनही बन्सफील्ड घडलं असतंच, कारण गेज अडकलेलं होतं आणि स्विच निकामी होता. त्यासाठी वेगळा अलार्म लागतो आणि माझ्या मते तोच या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा आहे. टाकीचा इनलेट व्हॉल्व्ह उघडा आहे, लाइनमध्ये प्रवाह आहे, आणि तरीही दहा मिनिटांत लेव्हल हलली नाही, तर ओरडायचं. आपल्या टाकीत ५५० च्या वेगानं दहा मिनिटांत १८७ मिलिमीटर चढायला हवेत. २० सुद्धा चढले नाहीत तर गेज खोटं बोलतंय किंवा माल दुसऱ्याच टाकीत जातोय. दोन्ही गोष्टी लगेच कळायला हव्यात. असा अलार्म ९१२ ला असता तर तो ३.१५ च्या आसपास वाजला असता, ओसंडण्याच्या दोन तास बावीस मिनिटं आधी.

यासाठी महागडी सामग्री लागत नाही. गेजची नोंद आणि लाइनवरच्या मीटरची नोंद एकाच संगणकात येत असली की पुरतं. बऱ्याच कंट्रोल सिस्टिममध्ये ‘बदलाचा दर’ नावाचा अलार्म तयारच असतो, पण तो जास्तीत जास्त वेगासाठी लावला जातो. किमान वेगासाठी लावण्याचा विचार होत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आधुनिक ट्रान्समीटर (मोजलेला आकडा विजेच्या सिग्नलनं कंट्रोल रूमला पाठवणारं उपकरण) बिघडला की तो स्वतः सांगतो: ४ ते २० मिलिअँपिअरच्या सिग्नलमध्ये ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर गेला की बिघाड. ही सोय चांगली आहे आणि वापरायलाच हवी. बिघाड झाला की सिग्नल वर जावा की खाली, हे ठरवताना ओसंडण्याचा धोका असलेल्या टाकीत तो वर जायला हवा. पण ९१२ चं गेज विजेच्या दृष्टीनं ठणठणीत होतं. तार तुटली नव्हती, सिग्नल स्थिर होता, फक्त वजन अडकलं होतं. स्वतःचं निदान करणारं गेज स्वतःच्या अडकलेल्या वजनाबद्दल काही सांगेलच असं नाही. त्याला बाहेरचा साक्षीदार लागतो.

डेडबँड (वाजलेला अलार्म थांबायला लेव्हल किती खाली यावी लागते) आणि विलंब (लेव्हल लागल्यावर अलार्म किती वेळानं वाजावा) हे दोन छोटे आकडे आहेत, पण त्यांनी भलेभले हिशेब बिघडतात. भरताना पृष्ठभाग हलतो, लेव्हल सेटपॉइंटच्या आसपास वरखाली होते, अलार्म वाजतो-थांबतो-वाजतो. वैतागलेला कोणीतरी विलंब वाढवत नेतो: दहा सेकंद, तीस, एक मिनिट, पाच मिनिटं. पाच मिनिटांचा विलंब म्हणजे ८९० च्या वेगानं १५० मिलिमीटर. माणसासाठी ठेवलेल्या वीस मिनिटांतली पाच कोणी न सांगता गेली. १५-२० मिलिमीटरचा डेडबँड आणि काही सेकंदांचा विलंब बहुतेक टाक्यांना पुरतो. तेवढ्यानं भागत नसेल तर गेजची जागा किंवा स्टिलिंग पाइप (पृष्ठभाग शांत राहावा म्हणून गेजभोवती लावलेली नळी) तपासावा.

खालच्या बाजूचे, म्हणजे लो आणि लो-लो हे अलार्म लोक पंपासाठी लावतात, पंप कोरडा चालू नये म्हणून. तरंगतं छत असलेल्या टाकीत त्यांचं दुसरं काम असतं. छत पायांवर टेकलं की त्याच्या खाली हवा शिरते आणि पेट्रोलची वाफ आणि हवा यांचं मिश्रण तयार होतं. लो-लो पायांच्या उंचीच्या वर असायला हवा. एवढं बघून पुढे जाता येतं.

नंतर काय झालं

ही जागा चालवणारी कंपनी होती हर्टफर्डशायर ऑइल स्टोरेज लिमिटेड, टोटल आणि शेव्हरॉनची भागीदारी. २०१० मध्ये सेंट ऑल्बन्सच्या न्यायालयात पाच कंपन्यांना शिक्षा झाली. टोटल यूकेला ३६ लाख पौंड दंड, हर्टफर्डशायर ऑइल स्टोरेजला १४.५ लाख, ब्रिटिश पाइपलाइन एजन्सीला ३ लाख. गेजिंग प्रणाली आणि तिची देखभाल पाहणाऱ्या मदरवेल कंट्रोल सिस्टिम्सला आणि स्विच बनवणाऱ्या टीएव्ही इंजिनिअरिंगला प्रत्येकी एक हजार पौंड. खर्चाची रक्कम याव्यतिरिक्त. ज्यांच्या हातून गेज आणि स्विच गेले त्यांचा दंड एवढा लहान, यावर वाचणाऱ्यानं भुवया उंचावल्या तर नवल नाही. पण टाकी ज्याची, तिच्यावरच्या उपकरणाची जबाबदारी अखेर त्याची, असाच त्याचा अर्थ घ्यावा लागतो.

ब्रिटनमध्ये नियामक आणि उद्योग यांच्या संयुक्त गटानं २००९ मध्ये पेट्रोल साठ्यासाठी मार्गदर्शन काढलं. हाय-हायचं संरक्षण गेजपासून पूर्ण वेगळं असावं, त्याची ठरावीक काळानं चाचणी व्हावी, सेटपॉइंट प्रतिसादाच्या वेळेवरून काढावेत, हे त्याचं सार. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या (एपीआय) २३५० या मानकाच्या २०१२ च्या आवृत्तीत टाक्यांचे वर्ग पाडून हिशेब नसेल तर धरायचे किमान प्रतिसाद-काळ दिलेत: पहिल्या वर्गाला ४५ मिनिटं, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला १५. टाकीजवळ माणूस धावत जाऊन व्हॉल्व्ह फिरवणार असेल तर काळ जास्त, दूरच्या कंट्रोल रूममधून बटण दाबलं की बंद होणार असेल तर कमी. मिलिमीटर नंतर, मिनिटं आधी, हे तिथे कागदावर आलं आहे.

त्याआधीच, २३ ऑक्टोबर २००९ ला पोर्तो रिकोतल्या बायामोनमध्ये कॅपेको कंपनीची टाकी ४०९ जहाजातून भरताना ओसंडली आणि तसाच बाष्पाचा ढग पेटला. तिथे गेजची नोंद संगणकावर येतच नव्हती. माणसं टाकीवरच्या बाजूच्या गेजचा आकडा वाचून टाकी कधी भरेल याचा हिशेब हातानं करत होती आणि स्वतंत्र हाय-लेव्हल अलार्म नव्हता. सहा दिवसांनी, २९ ऑक्टोबरला, जयपूरच्या सीतापुरा इथल्या इंडियन ऑइलच्या टर्मिनलला आग लागली आणि माणसं मेली. तिथलं कारण ओसंडणं नव्हतं, व्हॉल्व्हच्या कामात पेट्रोल बाहेर पडलं. पण त्या आगीची चौकशी करणाऱ्या एम. बी. लाल समितीनं दूरून बंद करता येणाऱ्या व्हॉल्व्हवर जो भर दिला, त्याचा संबंध आपल्या विषयाशी थेट आहे. मनमाडजवळ पानेवाडीला मुंबईहून पाइपलाइननं माल येतो, तिथल्या टाकीच्या हाय-हायमध्येही व्हॉल्व्ह किती मिनिटांत मिटतो हेच मोजावं लागतं. व्हॉल्व्हची वेळ बदलली की वर काढलेले १४,१०० आणि १३,४५० दोन्ही बदलतात.

सेटपॉइंटच्या नोंदवहीत मी पाच रकाने मागेन: आकडा मिलिमीटरमध्ये, कुठून मोजला, कुठल्या कमाल वेगावर काढला, प्रतिसादाला किती मिनिटं धरली, आणि बदलण्याचा अधिकार कोणाला. ‘युजर’ अलार्म सुपरवायझरनं पाहिजे तसा लावावा, त्यात काही बिघडत नाही. तो त्याच्या कामाचा स्मरण-अलार्म आहे. हाय आणि हाय-हाय मात्र शिफ्टमध्ये कोणालाही बदलता येता कामा नयेत. बदल झालाच तर जुना आकडा, नवा आकडा, कारण आणि सही. स्वतंत्र स्विचच्या चाचणीची तारीख त्याच पानावर हवी. चाचणी झाल्यावर दांडी, बायपास, कुलूप सगळं नेहमीच्या स्थितीत परत आल्याचं दुसऱ्या माणसानं टाकीवर चढून बघितल्याची सहीसुद्धा त्याच पानावर.